डागातून उठलेला माणूस

जलरंगात माणूस रंगवताना निम्मं काम चित्रकाराचं, उरलेलं पाण्याचं. कोरड्या कागदावर गेरूचा पातळसा थेंब सोडून बघा. पाणी काठावर भराभर उडतं, ती तूट भरायला मधलं पाणी काठाकडे धावतं आणि जाताना रंगाचे कण ओढून नेतं. वाळल्यावर डाग मध्ये फिका, काठाला गडद! टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या डागाला कडा का येते, याचं कोडं शिकागोच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली उलगडलं, ते हेच. चित्रातल्या खांद्याची जी रेघ इतकी बोलकी वाटते, ती पुष्कळदा कुणी काढलेलीच नसते.

म्हणजे हवेचाही यात हात आला. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कुंचला उचलेपर्यंत रंग कड धरतो. माणूस टोकदार, त्रासलेला उतरतो. श्रावणात तोच रंग बराच वेळ हलत राहतो, डोळा पार गालावर ओघळतो. हुबेहूब व्यक्तिचित्र करणाऱ्याला ही आफत. अभिव्यक्तिवाद्यांना मात्र असा सुटलेला रंग हवाच होता, कारण त्यांना माणसाच्या आतली खळबळ कागदावर आणायची होती.

जर्मन चित्रकार एमिल नोल्डे तर कित्येकदा आधी आकृती ठरवतही नसे. टिपून घेणाऱ्या जपानी कागदावर ओले रंग एकमेकांत सोडायचे, मग त्या डागांत चेहरे हुडकून शाईने कडा द्यायच्या. १९४१ साली नाझींनी त्याच्यावर व्यवसायबंदी घातली. (आणि हा स्वतः त्यांच्याच पक्षाचा सभासद!)

अभिव्यक्तिवादाचं हे वारं मुंबईत आलं ते नाझींपासून पळालेल्यांबरोबर. व्हिएन्नाचा वॉल्टर लँगहॅमर ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलासंचालक झाला. त्याच्याकडे जमणाऱ्या तरुणांत सय्यद हैदर रझा होते: जन्म जबलपूरशेजारच्या मंडला जिल्ह्यातला, १९२२चा, चित्रकलेचं शिक्षण नागपुरात, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. त्यांच्या तेव्हाच्या जलरंगांत मुंबईच्या रस्त्यावरची माणसं म्हणजे कुंचल्याचे दोन-चार ओले फटकारे. नाकडोळे नाहीत, पण घाई दिसते.

लँगहॅमरकडे जमणाऱ्यांत कृष्णाजी हौलाजी आराही होते, घरगडी म्हणून राबून चित्रं काढणारे. त्यांनी जलरंग तैलरंगासारखा जाड लावला आणि नग्नाकृती रंगवल्या. शरीररचनेच्या परीक्षेत आरांची बाई बहुधा नापास होईल. पण बसते ती पुरती वजनदार, कागद व्यापून.