जुनी हॅचबॅक पारखताना

वॅगनआर, स्विफ्ट किंवा आय-टेनसारखी जुनी छोटी गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच पाहावी. आधीच तापवून ठेवलेल्या इंजिनात सुरू होतानाची कुरकुर लपते. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येत असेल, तर इंजिन ऑइल जाळत आहे. असा सौदा स्वस्त असला तरी सोडलेला बरा. पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून चकचकीत करता येते. मात्र सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, की आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ अनेकदा सापडते. किलोमीटरचा आकडाही मागे फिरवता येतो. मीटर तीस हजार दाखवत असताना क्लचच्या पेडलचे रबर गुळगुळीत झिजलेले असेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. टायर कधी बनला तेही पाहावे: त्यावर ‘२३१९’ असेल, तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. उरलेली वर्षे मोजूनच किंमत ठरवावी. मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. आरसीवर कर्जाचा बोजा असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये. विमा नव्या मालकाच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो.