पाढा 'गो-वेंट-गॉन'चा, गोष्ट कालची

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भडगाव परिसरातल्या कुठल्याही वर्गात सांगायला भरपूर असतं. गिरणेवर बैल धुतले, शिंगं रंगवली, झूल चढवली, पुरणपोळी खाल्ली. अहिराणीत किंवा मराठीत हे एका दमात सांगणारी मुलं इंग्रजीच्या तासाला मात्र गप्प होतात. 'गो-वेंट-गॉन' पाढ्यासारखं पाठ असतं, पण ते कालच्या दिवसाला कसं जोडायचं, याचा सराव झालेला नसतो.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. वर्षं वाढली, पण बोलण्याची भीती तेवढ्याने जात नाही. भूतकाळात ती जास्तच जाणवते.

चुका येतात कुठून?

बऱ्याच चुका मराठीच्या सवयीतून येतात. 'तू गेलास का?' या प्रश्नात भूतकाळ क्रियापदातच असतो. म्हणून मूल 'डिड यू वेंट?' विचारतं. इंग्रजीत भूतकाळाचा भार 'डिड'ने उचलला की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं: 'डिड यू गो?' आपण सहज 'मामाकडे गेलो होतो' म्हणतो, त्याचं 'आय हॅड गॉन' होतं. खरं तर तिथे साधं 'आय वेंट' पुरतं.

एका बाबतीत इंग्रजी सोपी आहे. आपण केळं खाल्लं, भाकरी खाल्ली, आंबे खाल्ले असं म्हणतो. इंग्रजीत तिन्हींना एकच 'एट'. हे आधी सांगितलं तर मुलांना धीर येतो.

उच्चाराचा घोळ देवनागरीच सोडवते. शेवटी 'ईडी' लिहिलेलं दिसलं की मुलं 'वॉशेड', 'पिकेड' असं वाचतात. फळ्यावर तीन रकाने करा: 'वॉश्ट, पिक्ट', 'प्लेड, क्लीन्ड' आणि 'पेंटेड, प्लांटेड'. मूळ शब्दाच्या शेवटी ट किंवा ड असेल तरच 'एड' स्पष्ट ऐकू येतो.

'गोड' म्हणणारं मूल

एखाद्याने 'गो'चं 'गोड' केलं तर हसू नका. इंग्रजी ही मातृभाषा असलेली मुलंही लहानपणी असंच बोलतात. जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने 1958 मध्ये मुलांना बनावट क्रियापदं देऊन त्यांचा भूतकाळ विचारला. कधीही न ऐकलेल्या शब्दांनाही मुलांनी नियम लावून दाखवला. म्हणजे 'गोड' म्हणणाऱ्याला नियम कळलेला असतो, अपवाद तेवढा शिकायचा असतो. अडचण अशी, की असणं, करणं, जाणं, येणं, बघणं, घेणं ही रोजची क्रियापदंच इंग्रजीत अपवाद आहेत. म्हणून लांबलचक तक्ता पाठ करून घेण्याआधी वेंट, केम, सॉ, एट, डिड, मेड अशी दहा-बारा रूपं तोंडी बसवावीत.

वर्गात काय करता येईल?

रोज पाच मिनिटं एकच प्रश्न: 'व्हॉट डिड यू डू येस्टरडे?' आधी आपल्या भाषेत क्रम लावू द्या: पहिल्यांदा काय व्हयनं, मग काय, शेवटी काय. त्यावर 'फर्स्ट', 'देन', 'आफ्टर दॅट' चढवा. 'आय वॉश्ट द बुलॉक. देन आय पेंटेड हिज हॉर्न्स.' दोन वाक्यं पुरेत. आखाजीचा झोका, कानबाईचे रोट, दिवाळीच्या सुटीतली कापूस वेचणी हे विषय मुलांचेच आहेत. मुंबईच्या मॉलची किंवा लंडनच्या सहलीची गरज नाही. मूल 'आय गोड टू बाजार' म्हणालं तर मध्येच तोडू नका. 'ओह, यू वेंट टू द बाजार! व्हॉट डिड यू बाय?' असं विचारा. दुरुस्ती होते आणि बोलणंही थांबत नाही.

इंग्रजी न येणाऱ्या पालकांचाही यात वाटा आहे. रात्री जेवताना दिवसभराची हकिकत आपल्या बोलीत क्रमाने सांगायला लावा आणि मध्ये न बोलता ऐका. घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगणाऱ्या मुलाला इंग्रजीत फक्त शब्द आणि रूपं शोधावी लागतात. गोष्ट त्याच्याकडे तयार असते. तेव्हा परीक्षेत किती रूपं बरोबर आली हे विचारण्याआधी, आज वर्गात काय सांगितलंस, एवढं विचारा.