पेट्रोल जातं कुठे?

जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं की गॅरेजमध्ये पहिला बळी जातो तो एअर फिल्टरचा. तो बाहेर काढतात, हातावर आपटतात, धुरळा उडतो, मालक ओशाळतो आणि नवा फिल्टर बसतो. पुढच्या खेपेला प्लग बदलतात, त्याच्या पुढच्या खेपेला इंजेक्टर क्लीनिंग. बिलं वाढत जातात, गाडी देते मात्र तेवढंच.

फिल्टर बदलू नये असं नाही. पण तो अ‍ॅव्हरेजसाठी बदलायचा, हा सल्ला कार्बोरेटरच्या काळातला आहे. एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, येण्याआधीच्या मारुती ८०० मध्ये फिल्टर तुंबला की कार्बोरेटरवरची ओढ वाढायची आणि हवेच्या मानाने पेट्रोल जास्त खेचलं जायचं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत आत किती हवा आली हे सेन्सर मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तेवढ्यापुरतंच पेट्रोल सोडतो. हवा कमी तर पेट्रोलही कमी. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवून हे तपासलं. इंजेक्शनच्या गाड्यांचा पिकअप मंदावला, अ‍ॅव्हरेज जवळपास जागच्या जागी राहिलं. आज रस्त्यावर असलेल्या बारा-पंधरा वर्षांच्या वॅगनआर, सँट्रो, आय-टेन या सगळ्या इंजेक्शनच्याच गाड्या. त्यांचं दुखणं दुसरीकडे शोधावं लागतं.

त्याआधी दुखणं आहे का, हे पाहायला हवं. पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून काटा कुठवर येतो हे बघणाऱ्यांना खरं अ‍ॅव्हरेज कधीच कळत नाही. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद पडलं की थांबायचं आणि पंपावरच्या पोऱ्याला ‘राउंड फिगर’साठी वर ओतू द्यायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. टाकी उतरली की त्याच पंपावर पुन्हा तशीच फुल करायची आणि चाललेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागायचं. निदान तीन टाक्यांचा हिशेब असल्याशिवाय कुणाशी भांडू नये. शहराचा आकडा वेगळा ठेवायचा आणि हायवेचा वेगळा. एकच गाडी पुण्यात अकरा आणि कोल्हापूरच्या रस्त्याला सतरा देऊ शकते, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

तुलना कंपनीच्या आकड्याशी करायची नाही. तो आकडा चाचणीच्या खोलीतला. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था आहे, तिथे किंवा तशाच प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवतात. एसी बंद असतो, वेग ९० च्या वर जात नाही आणि सगळी चाचणी वीस मिनिटांच्या आत संपते. त्या वीस मिनिटांत ना खड्डा असतो ना मागे बसलेले सासू-सासरे. तुलना करायची ती गाडीच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी. मागच्या पिढीतले लोक डॅशबोर्डच्या खणात पेट्रोलची डायरी ठेवायचे, त्यांना आपण हसायचो. आज ती डायरी हाती लागली तर मेकॅनिकचं निम्मं काम होईल.

आकडा खरोखर पडला असेल तर प्रश्न एकच उरतो: पेट्रोल नीट जळत नाही, की नीट जळून त्याची ताकद वाटेत कुठेतरी मुरते? दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण तिला खर्च जवळपास नसतो.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर दहा-बारा किलोमीटर गाडी चालवा. शेवटच्या टप्प्यात ब्रेक जेमतेम वापरा आणि गाडी आपसूक थांबू द्या. खाली उतरून चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हाताची मागची बाजू न्या. चिकटवू नका, ब्रेक अडकलेला असेल तर चटका बसतो. तीन चाकं कोमट आणि एक भाजणारं, असं असेल तर चोर सापडला. पुढच्या डिस्कमध्ये कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात आणि पॅड डिस्कला घासत राहतात. मागच्या ड्रममध्ये बहुधा हँडब्रेकची केबल. कोकणात पावसाळाभर हँडब्रेक ओढून उभ्या ठेवलेल्या गाडीची केबल आतून अशी गंजते, की लिव्हर खाली केला तरी ब्रेक शू पुरते सुटत नाहीत. जॅक लावून चाक हाताने फिरवलं की लगेच कळतं. पिना काढून, घासून, ब्रेकचं खास ग्रीस लावून बसवणं हे तासाभराचं काम आहे, पण साध्या सर्व्हिसिंगमध्ये ते कुणी करत नाही.

टायरमधल्या हवेचं मात्र जरा जास्तच कौतुक होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबाने चारही टायरांत एकेक पीएसआय हवा कमी झाली तर अ‍ॅव्हरेज ०.२ टक्क्यांनी घटतं, म्हणजे पाच पीएसआयला एक टक्का. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरावीच, टायर टिकतात आणि गाडी रस्ता धरते. पण पंधराचं अकरा झालं असेल तर ते चार किलोमीटर हवेत गेलेले नाहीत. टायरचं माप बदललं असेल तर गोष्ट वेगळी. शोभेसाठी मोठे टायर घातले की चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि मीटर कमी दाखवतो. गाडी देत असते पूर्वीइतकंच, हिशेबच चुकीचा होतो.

क्लच घसरत असेल तर चढावर समजतं. चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र त्या हिशेबाने पुढे जात नाही. त्याचा फार शोध घ्यावा लागत नाही.

चाकं मोकळी फिरतात आणि तरी पेट्रोल जातंय, तर मग बॉनेट उघडायचं. इथे माझा पहिला संशय सदैव थर्मोस्टॅटवर असतो. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही बोटभर झडप. तिच्या पोटात मेण असतं. कूलंट साधारण ८२ ते ८८ अंशांना पोहोचलं की मेण फुगतं आणि झडप उघडते. आपल्याकडे गाडी एकदा गरम झाली की कित्येक ठिकाणी ही झडप काढून फेकून देतात. एका मिस्त्रींना मी विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, “साहेब, आपल्याकडं काय बर्फ पडतोय का? कशाला पाहिजे तो व्हॉल्व्ह?”

बर्फाचा इथे संबंध नाही. झडप नसली की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन हवं तितकं तापत नाही. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि थंड इंजिनाला तो जादा पेट्रोल देतो. जुन्या गाड्यांत चोक ओढत असत, तेच काम. फरक एवढाच की इथे चोक ओढलेलाच राहतो आणि डॅशबोर्डवर त्याची खूण नसते. वर ऑइल जाडच राहतं, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. ओळखायचं कसं? शहराच्या गर्दीत तापमानाचा काटा मध्यावर असतो. हायवेला लागून समोरून वारा यायला लागला की तो हळूहळू खाली येतो. चांगल्या थर्मोस्टॅटची गाडी वाऱ्याला असं दाद देत नाही.

झडप आहे पण उघडीच अडकली आहे, असंही होतं. ती काढून घरी तपासता येते. जुन्या पातेल्यात पाणी घ्यायचं, झडप दोऱ्याने अधांतरी सोडायची, सोबत थर्मामीटर ठेवायचा आणि गॅस बारीक करायचा. बराच वेळ काहीच होत नाही. पाण्यात बारीक बुडबुडे धरायला लागतात. मग झडपेवर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तिची तबकडी केसभर उचलली जाते आणि बघता बघता पूर्ण उघडते. थंड पाण्यातच ती उघडी दिसत असेल तर गॅस पेटवायचीही गरज नाही. पातेलं नंतर स्वयंपाकघरात नेऊ नका, कूलंट विषारी असतं.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर त्याच गटातला दुसरा संशयित कूलंटचा तापमान सेन्सर. इंजिन चांगलं तापलंय आणि सेन्सर सांगतोय की वीस अंश, तर ईसीयू बिचारा पेट्रोल ओततच राहणार. इथे स्कॅनर उपयोगी पडतो. भारतात एप्रिल २०१० पासूनच्या नव्या मोटारींना ओबीडी, म्हणजे गाडीने आपले दोष आपणच नोंदवण्याची यंत्रणा, सक्तीचं झालं आणि २०१३ पासून त्याचा दुसरा टप्पा आला. बहुतेक गाड्यांत त्याचं सॉकेट स्टिअरिंगखाली असतं. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा साधा स्कॅनर पुष्कळ गाड्यांना पुरतो. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी चालू करण्यापूर्वी कूलंटचं तापमान वाचायचं. ते बाहेरच्या हवेइतकं असायला हवं. नागपुरात मे महिन्याच्या सकाळी स्कॅनर पाच अंश म्हणत असेल, तर खोटं कोण बोलतंय हे वेगळं सांगायला नको.

स्कॅनरवर फ्युएल ट्रिमही दिसतो. हिशेबाने ठरलेल्या पेट्रोलमध्ये ईसीयूला किती टक्के वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते त्यातून कळतं. पाच-सात टक्के इकडे तिकडे चालतात. त्यापुढे गेलं की लक्ष द्यायचं, आणि त्याच वेळी प्लग काढून बघायचे. जळण व्यवस्थित असेल तर प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं, पेट्रोल जास्त झालं तर काळी, कोरडी काजळी धरते. आता ट्रिम सांगतोय की पेट्रोल कमी पडतंय म्हणून मी वाढवतोय, आणि प्लग मात्र काळेकुट्ट. दोघांचं जुळत नाही, तेव्हा मधला साक्षीदार फुटलेला असतो. तो म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. धुराच्या वाटेत बसलेला हा सेन्सर एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण साधलंय का ते सांगतो. वर्षानुवर्षं धूर खाऊन तो मंदावतो. तो महाग भाग आहे. म्हणूनच हा पुरावा हाती असल्याशिवाय बदलू नये.

स्कॅनर नसेल तर पीयूसीची पावती काढा. सहा महिन्यांनी, वर्षाने आपण ती पोलिसांसाठी घेतो आणि न वाचता खणात टाकतो. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. बीएस-४ पेट्रोल गाडीला मर्यादा आहे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. बीएस-२ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड मर्यादेला टेकलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ते कमी आणि हायड्रोकार्बनच भरमसाट असेल तर एखादा सिलिंडर मिस करतोय, म्हणजे प्लग किंवा कॉइल पाहा. नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली होती, हे अर्थातच गृहीत धरलंय.

चालवण्याबद्दल भाषण देत नाही. एकच सवय सांगतो, कारण ती काटकसरीच्या नावाखाली टिकून आहे. खंबाटकी किंवा बोर घाट उतरताना गाडी न्यूट्रल करणं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला असताना पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढला की इंजेक्टर बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरतं ते जातच राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो तो वेगळाच. पेट्रोलच्या पाइपला लावायची लोहचुंबकं आणि ओबीडी सॉकेटमध्ये खोचायच्या ‘सेव्हर’ डब्याही विकत घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर उपकरणं तपासली, त्यातल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांनी थोडाफार फरक दाखवला.

राहिलं इथेनॉल. २०२५ पासून देशभरच्या पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच साखर कारखान्यांचा त्यात मोठा वाटा आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या धाटणीच्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असं लिहिलं होतं. म्हणजे पंधरा देणारी गाडी चौदा देईल, आणि ते एक किलोमीटर कुठलाही मेकॅनिक परत आणू शकणार नाही. पंधराचं अकरा झालं असेल तर मात्र उरलेले तीन गाडीतच शोधावे लागतील.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांचे रबरी भाग या मिश्रणासाठी बनवलेले असतीलच असं नाही. तेव्हा गाडी जॅकवर आहेच, तर टाकीपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंतचे पाइप आणि त्यांचे क्लिप टॉर्च लावून बघून घ्या. रबर फुगलेलं, चिकट झालेलं किंवा भेगाळलेलं असेल, किंवा सकाळी बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास येत असेल, तर आधी पाइप बदला आणि तोवर गाडी चालू करू नका.