परिचारिकेचें मन

वाशिम जिल्ह्यांतील केनवड येथें आमच्या मातोश्री दोन महिने अंथरुणास खिळल्या होत्या. भरल्या घरांतहि त्यांच्या पाठीस व्रण झाले. ते धुवून पट्टी बांधावयास एक नर्सबाई रोज येत. मातोश्री विव्हळत, घरांतील बायका डोळ्यांस पदर लावीत. नर्सबाईंच्या मुद्रेवरील रेषाहि हालत नसे. काम आटोपून हात धुवावे व निघून जावें. 'किती कोरडी बाई ही!' असें माजघरांत बोललें जाई. खरें सांगावयाचें तर आमचेंहि मत निराळें नव्हतें. मातोश्री निवर्तल्यावर उरलेलीं औषधें परत करण्यास सूनबाई त्यांजकडे गेली, तेव्हां त्या इतकेंच म्हणाल्या, "तुमच्या घराच्या वाटेनें मला अजून जाववत नाहीं."

थरथरत्या हातानें पट्टी बांधतां येत नाहीं, ही साधी गोष्ट आम्हां शिकल्यासवरल्या माणसांच्या ध्यानींच आली नव्हती. रडण्याची मुभा नातलगांस. परिचारिकेस मात्र तें दुःख गिळून पुढच्या खाटेकडे वळावें लागतें. हें गिळलेलें दुःख जातें कोठें?

मुंबईस परळ येथील के. ई. एम. रुग्णालयांत तें सेवेच्या रूपानें दिसलें. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांजवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं एका सफाई कामगारानें अत्याचार केला. साखळीनें गळा आवळला गेल्यामुळें मेंदूस इजा झाली व त्या पुन्हां कधींच सावध झाल्या नाहींत. ४१ वर्षांहून अधिक काळ तेथील परिचारिकांनीं त्यांस न्हाऊं घातलें, भरविलें, कुशीवर वळविलें. पहिल्या ३७ वर्षांत त्यांच्या अंगास एकहि शय्याव्रण झाला नव्हता! आमच्या घरचे दोन महिने आठवून आम्हांस शरम वाटली.

त्यांस यातनांतून सुटूं द्यावें, अशी याचना लेखिका पिंकी विराणी यांनीं सर्वोच्च न्यायालयांत केली. दया दोन्हीकडे होती. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें रुग्णालयाचा सेवकवर्ग हाच त्यांचा आप्तवर्ग मानून अर्ज फेटाळला. मात्र कांहीं अटींवर असाध्य रुग्णाचे उपचार थांबविण्यास त्याच निकालानें वाट मोकळी केली. परिचारिकांनीं मिठाई वाटली. हें वाचून आम्ही क्षणभर चमकलों. त्या मायेंत स्वार्थ मुळींच नव्हता, असें आम्ही म्हणणार नाहीं. पण घरचें वडीलधारें माणूस आणखी चार दिवस राहिलें म्हणून आपण हर्ष मानतों, तेव्हां त्याच्या यातनांचा हिशेब आपण तरी कोठें करतों?

१८ मे २०१५ रोजीं न्यूमोनियानें अरुणाताई गेल्या. त्यांस निरोप देणाऱ्या परिचारिकांत कित्येक अशा होत्या कीं, १९७३ सालीं त्यांचा जन्महि झालेला नव्हता.