घोकंपट्टीतून जन्मलेले नाव

'अमुक & सन्स', 'तमुक & कंपनी' अशा पाट्या आपण नेहमी वाचतो. बँकेत होतो तेव्हा खातेवहीच्या पानापानावर हे वेटोळे भेटायचे. आम्ही 'अँड' म्हणून पुढे जायचो. इंग्रजीत त्याचे नाव मात्र भारदस्त आहे, 'अँपरसँड'. ते कुणा पंडिताने ठेवलेले नाही, शाळकरी पोरांनी घडवलेले आहे.

पूर्वी इंग्रज मुले मुळाक्षरे म्हणताना 'झेड'नंतर हे चिन्हही म्हणत. जे अक्षर एकटेच शब्दही असेल, ते म्हणताना 'पर से' हे लॅटिन शब्द जोडायची रीत होती. 'पर से' म्हणजे 'स्वतःच'. म्हणून शेवटी यायचे 'अँड, पर से अँड', म्हणजे हे चिन्ह स्वतःच 'अँड'. आपल्या 'क ला काना का'सारखाच ताल! रोज घोकता घोकता शब्द एकमेकांत मिसळले आणि १८३० च्या दशकापर्यंत 'अँपरसँड' हा शब्द रूढ झाला.

अशी जन्मकथा दुसऱ्या भाषेत नेताना अनुवादकाची कसोटी लागते. पोर्तुगीजचेच पाहा. तिथे या चिन्हाला 'इ कोमेर्सियाल', म्हणजे 'व्यापारी आणि' म्हणतात. 'आणि'साठी त्यांचा शब्द एका अक्षराचा, 'इ'. शब्दाला शब्द ठेवला तर होते 'इ, पोर सी सो, इ'. अर्थ चोख पोचला. पण हे कितीही भरभर म्हटले तरी त्यातून 'अँपरसँड' निघत नाही. तेव्हा इंग्रजी शब्द तसेच ठेवून शेजारी पोरांची गोष्ट सांगावी लागते. त्या दोन ओळी वाचवायला गेलात, तर नाव उरते आणि ते घडवणारी पोरे नाहीशी होतात.

गंमत अशी, की नाव परके असले तरी चिन्ह पोर्तुगीजांच्या घरचेच आहे. लॅटिनमध्ये 'आणि'ला 'एत' म्हणतात. त्याची दोन अक्षरे एकात एक गुंफून हे वेटोळे झाले. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेईच्या भिंतीवरही अशी जोडणी सापडली आहे. पोर्तुगीज 'इ' हा त्याच 'एत'चा वंशज.

आणि आपण? आपला 'व' अक्षरही आहे व शब्दही. 'व, स्वतःच व' हे मराठी पोराला लगेच कळेल. 'अँपरसँड' कसा झाला, हे मात्र त्यालाही गोष्टीतूनच सांगावे लागेल.