खानदेशातही नेचा रुजतो

एप्रिल-मे महिन्यांत एरंडोलचा पारा 42 अंशांच्या पुढे जातो. अशा गावात आंब्याच्या सावलीत नेचे लावायचे म्हटले, की शेजारीपाजारी नकारार्थी मान हलवतात. त्यामागचे चार समज तपासून पाहायला हवेत.

गैरसमज : नेचा आंबोली-महाबळेश्वरचा, कोरड्या मुलखात तो जगत नाही.

वस्तुस्थिती : कोरड्या मुलखाचेही स्वतःचे नेचे आहेत. पावसाळ्यात जुन्या विहिरींच्या दगडी सांध्यांतून काळ्या, तारेसारख्या देठांचा हंसराज लोंबतो. ताडाच्या इवल्या पानासारखी दिसणारी मयूरशिखा तर खडकाच्या फटीत वाढते. उलट कुंडीत मिरवणारा ‘अस्पॅरॅगस फर्न’ नेचा नव्हेच. तो शतावरीचा भाऊबंद; त्याला फुले येतात, बिया धरतात.

गैरसमज : पाने वाळली म्हणजे रोप मेले.

वस्तुस्थिती : पाऊस सरला की हंसराजाची पाने वाळतात, जमिनीतले खोड मात्र जिवंत राहते आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटते. मयूरशिखेची पाने सुकून मिटतात आणि पाणी मिळताच उलगडून हिरवी होतात. म्हणून उन्हाळ्यात नेच्याचा वाफा खणू नये.

गैरसमज : पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे कीड.

वस्तुस्थिती : नेच्याला फूल नसते, बीही नसते. त्या ठिपक्यांत बीजाणू असतात. हंसराजात ते पानाच्या कडेला, दुमडीखाली दडलेले असतात. ओल्या जागी पडलेल्या बीजाणूपासून आधी नखापेक्षाही लहान, हिरवा पापुद्रा तयार होतो. त्यावर पाण्याचा पातळ थर असेल, तरच फलन होऊन नवे रोप उगवते. ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर फवारणी करू नये. वेडेवाकडे पसरून देठावरही दिसले, तर मात्र खवलेकिडीची शंका घ्यावी.

गैरसमज : भरपूर शेणखत आणि पाणी दिले की झाले.

वस्तुस्थिती : काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात. कुजलेला पालापाचोळा, रेती आणि विटांचे तुकडे मिसळून उंच वाफा करावा. ओल हवी, चिखल नको.

रोपांसाठी जंगलात जायची गरज नाही. यावलसारख्या अभयारण्यातून परवानगीशिवाय झाड उपटणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. हंसराजाच्या पानाचे टोक ओल्या मातीला टेकले, की तिथेच नवे रोप धरते. विहीरमालकाला विचारून असे एकच रोप आणावे आणि बाकीची जागेवर राहू द्यावीत.