जित्याची खोड आणि ‘ओल्ड हॅबिट्स’

गेल्या वर्षी इंग्रजीच्या निबंधात मी वडिलांविषयी एक परिच्छेद लिहिला होता. हमालीचे काम सोडून त्यांना दोन वर्षे झाली, तरी पहाटे चारला त्यांना जाग येतेच. मग ते ओसरीवर उजाडेपर्यंत बसून राहतात. शेवटी मोठ्या हौसेने मी वाक्य टाकले : ‘ओल्ड हॅबिट्स आर डाय हार्डली.’ वही परत आली तेव्हा पाचांपैकी दोन शब्दांखाली तांबडी रेघ होती. त्या रेघेचा अर्थ शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

पहिली चूक ‘आर’ची. आपण मराठी माध्यमातली मुले प्रत्येक इंग्रजी वाक्यात ‘आहे’ शोधतो. पण येथे ‘डाय’ हेच क्रियापद आहे. त्याला दुसऱ्याचा टेकू नको. सवय एकच असेल, तर ‘ॲन ओल्ड हॅबिट डाइज हार्ड’ असे लिहावे.

दुसरी चूक अधिक घातक. ‘स्लो’चे ‘स्लोली’ होते, म्हणून ‘हार्ड’चे ‘हार्डली’ करावे, असे आपल्याला वाटते. परंतु ‘हार्ड’ हा शब्द विशेषण आणि क्रियाविशेषण अशी दोन्ही कामे करतो. ‘हार्डली’चा अर्थ जेमतेम, जवळजवळ नाहीच. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो काम करतच नाही म्हटले तरी चालेल. एका ‘ली’ने जन्मभर ओझी वाहणारा माणूस आळशी ठरतो!

‘डाय हार्ड’ म्हणजे सहजासहजी न मरणे, झुंजत मरणे. स्पेनमधील अल्बुएरा येथे १६ मे १८११ रोजी फ्रेंचांशी लढताना ब्रिटिशांच्या ५७ व्या पलटणीचे कर्नल इंग्लिस जखमी होऊनही मागे हटले नाहीत. शिपायांना ते हेच दोन शब्द ओरडून सांगत होते, असे म्हणतात. पुढे त्या पलटणीला ‘डाय हार्ड्स’ हेच नाव पडले. कट्टर माणसासाठी आज आपण वापरतो ते ‘डायहार्ड’ विशेषण वेगळे; ते नामाच्या आधी येते आणि जोडून लिहितात.

आता अर्थाकडे वळू. आपण या वाक्प्रचाराचे भाषांतर झटकन ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे करतो. पण दोन्हींत फरक आहे. आपल्या म्हणीत मरतो तो माणूस; इंग्रजीत मरते ती सवय. आपली म्हण निकाल देऊन मोकळी होते. इंग्रजी वाक्य सवय सुटण्याची आशा ठेवते, फक्त ते सोपे नाही एवढेच सांगते. शिवाय ‘खोड’ ही वाईटच असते. ‘हॅबिट’ चांगली, वाईट वा नुसतीच जुनी असू शकते. वडिलांच्या पहाटेच्या जागेला मी खोड म्हणू शकत नाही. त्या जागेवरच आमचे घर चालले. तेथे इंग्रजी वाक्यच शोभते.

मात्र ते वापरताना आधी सवय दाखवावी, मग हे वाक्य यावे. सवय जुनी असावी. आणि एका लेखात ते एकदाच यावे. वारंवार आले की त्याची धार जाते.

परवाच्या चाचणीत मी पुन्हा ‘आर’ लिहिले, आणि मग स्वतःच खोडले. सवय मरायला वेळ लागतो, पण मरते.